पोच आणि निकाल

हुंडी पोचली म्हणजे हुंडी सकारली असे नव्हे, ही गोष्ट आमच्या नगरच्या कापडबाजारातील जुन्या पेढीवाल्यांस कोणी शिकवावी लागत नसे. परगावच्या पेढीवर लिहिलेली हुंडी तेथे सुखरूप जाऊन पडे; परंतु तेथील सावकार ती मान्य करील की परत पाठवील, दर्शनी असेल तर रक्कम तत्काळ देईल की नाही, आणि मुदती असेल तर मुदतीअखेर ती वटेल की नाही, हे प्रश्न पोचल्यानंतरच सुरू होत. पोच हा वाटेचा पुरावा होय. निकाल हा कार्याचा. या दोहोंतील अंतर ज्यास कळले नाही, त्याची पेढी फार दिवस चालत नसे.

दूरच्या महायंत्राकडे काम धाडून त्याचे फळ परत आणण्याच्या विद्येचा इतिहास आम्ही पाहू लागलो, तेव्हा हेच अंतर आम्हांस पदोपदी आढळले. विषय रूक्ष खरा. पण त्यात माणसांचे नशीब कसे गुंतते, याचा एक अनुभव प्रथम सांगतो. १९९० च्या दशकात आम्ही नव्याने अध्यापन करू लागलो होतो. एका परीक्षेच्या गुणयाद्या संगणकावर चढविण्यासाठी आम्ही परगावी पाठविल्या व त्यांची पोच खिशात घालून निश्चिंत झालो. निकाल लागला तेव्हा काही विद्यार्थ्यांच्या नावांपुढील जागा कोरी होती. याद्या पोचल्या होत्या. यंत्राने त्यांतील काही नोंदी नाकारल्या होत्या. आणि नाकारल्याचा कागद कोणीच वाचला नव्हता. दुरुस्ती झाली, पण अकोले तालुक्यातील एका मुलाची प्रवेशाची तारीख तोवर टळून गेली होती. त्याने आम्हांस एवढेच विचारले, ‘‘सर, तुम्ही चौकशी केली होती ना?’’ आम्ही पाठवल्याची चौकशी केली होती, झाल्याची नव्हे.

आता मूळ इतिहासाकडे वळू. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असता ज्यांनी भारताच्या गतकाळाचा शोध लिहून काढला, त्याच पंडित नेहरूंनी १९६२ च्या जानेवारीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील स्वदेशी गणकयंत्रास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे अमेरिकन महायंत्र आले, आणि अन्य संस्थांचे संशोधकही आपापली गणिते घेऊन तेथे जाऊ लागले. गणित छिद्रे पाडलेल्या कार्डांवर लिहिलेले असे. एका कार्डावर ऐंशी अक्षरांची एक ओळ. कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यावयाचा, यंत्राने अनेकांचे गठ्ठे क्रमाने उरकावयाचे, आणि मग रुंद कागदावर छापलेला निकाल घेऊन जावयाचे, अशी ती रीत. तिलाच ‘बॅच’ पद्धती म्हणतात, आणि अशा प्रत्येक कामास ‘जॉब’. एखादे विरामचिन्ह चुकले तरी सारा खटाटोप फुकट जाई. परंतु चूक पदरी पडे ती कागदावर, आणि कागद हाती घेतल्यावाचून कोणी परतत नसे. त्या असुविधेत एक शिस्त आपोआप सांभाळली जात होती.

ही खिडकी दूर सारण्याचे प्रयत्न त्याच दशकात सुरू झाले. कार्डे वाचणारे व कागद छापणारे यंत्र गणकाच्या मानाने फारच मंद. यास्तव येणारी कामे व निघणारे निकाल आधी चुंबकीय तबकडीवर साठवून रांगेत ठेवावयाचे, ही युक्ती निघाली; या साठवणीस ‘स्पूल’ म्हणतात. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे नासाच्या अंतराळकार्यासाठी आयबीएमच्या मंडळींनी ‘हास्प’ नावाची अशी व्यवस्था उभारली, आणि तिच्यातूनच १९७० च्या दशकात ‘जेस’ ही व्यवस्था उदयास आली. आयबीएमच्या महायंत्रांवर ती आजही कामांची आवक, रांग व जावक पाहते. आपल्या कचेरीतील बारनिशीचा कारकून डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे तिचे स्वरूप ध्यानी येईल.

दुसरा प्रवाह दळणवळणाचा. कानपूरच्या आयआयटीतून १९६५ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण हे अमेरिकेत एमआयटीमध्ये असता, त्यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी एका यंत्रावरील फाइल दुसऱ्यावर नेण्याच्या नियमांचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. हेच ‘एफटीपी’चे मूळ. दूरस्थ यंत्राकडे जॉब सोपविण्याचे स्वतंत्र नियमही १९७२ मध्ये मांडले गेले. तथापि टिकाव धरला तो साध्या फाइल-वाहतुकीने. ऑक्टोबर १९८५ च्या सुधारलेल्या नियमावलीत ‘साइट’ नावाची एक आज्ञा आहे. ज्या त्या यंत्राच्या खास सोयी मागण्यासाठी ती राखलेली. पुढे आयबीएमने या आज्ञेतूनच दोन्ही प्रवाहांचा संगम घडविला.

ती कृती अशी. महायंत्राशी जोडणी करून ‘साइट फाइलटाइप=जेस’ एवढे म्हटले, की एरवी फाइली ठेवणारे दार कामे स्वीकारणारी खिडकी बनते. मग ‘पुट’ या आज्ञेने पाठविलेली फाइल कपाटात न जाता थेट रांगेत उभी राहते, आणि उत्तरादाखल जॉबचा क्रमांक मिळतो. ‘डिर’ म्हटले की काम प्रतीक्षेत आहे, चालू आहे की संपले आहे, याची यादी येते, ‘गेट’ने त्या क्रमांकाचे निकालपत्र आपल्या यंत्रावर उतरते, आणि ‘डिलीट’ने ते स्पूलमधून काढून टाकता येते. मुंबईच्या खिडकीपाशी ज्यासाठी खेटे घालावे लागत, ते घरबसल्या चार शब्दांत होते. मूळ पद्धतीत परवलीचा शब्दही तारेवरून उघडाच जाई. तो दोष पुढे सांकेतिक आवरणाने दूर करता आला.

परंतु दुसरा एक दोष यंत्राचा नसून वाचणाराचा आहे. ‘पुट’नंतर ‘वाहतूक यशस्वीपणे पूर्ण झाली’ असे उत्तर येते, आणि नवखा मनुष्य हुश्श करतो. हे यश केवळ वाहतुकीचे. त्यानंतर आज्ञापत्रातील चुकीने जॉब एक पाऊलही न टाकता कोसळेल, किंवा अर्ध्यावर मोडून पडेल. वाहतुकीच्या पोचेस त्याचा गंधही नसतो. खरा निकाल परतीच्या अंकात असतो: शून्य म्हणजे निर्विघ्न, चार म्हणजे बहुधा इशारा, आठ वा अधिक म्हणजे दोष, असा सामान्य संकेत. तो अंक पाहण्यासाठी पुन्हा विचारावे लागते, निकालपत्र उतरवून वाचावे लागते, आणि वाचून झाल्याखेरीज ‘डिलीट’ म्हणावयाचे नसते.

कोणी म्हणेल, हे पाहण्याचे कामही आता यंत्रावरच सोपविले जाते. खरे आहे, आणि ते योग्यही आहे. पण कोणता अंक चालेल व कोणत्या अंकावर माणसास जागे करावयाचे, हे आधी कोणा माणसानेच ठरवावयाचे असते. ठरविणाराने वाहतुकीलाच निकाल मानले असेल, तर यंत्र ती चूक रोज रात्री अचूकपणे करील, आणि तिचा जाब मात्र सकाळी भलत्याच खिडकीपाशी उभा राहिलेला निरपराध मनुष्य विचारील.

आमच्या जुन्या पेढीवाल्यांस महायंत्र ठाऊक नव्हते; परंतु हुंडी वटल्याचा कागद परत येईपर्यंत ते वहीतील ती ओळ मोकळी ठेवीत. त्या अकोल्याच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या मोकळ्या ओळीत सापडले, पण त्याच्या कामी येण्यास फार उशिरा. त्यानंतर आजतागायत कोणत्याही कामाची पोच हाती आली, की आम्ही ती खिशात घालीत नाही. निकाल येईपर्यंत मेजावर, डोळ्यांसमोर ठेवतो.