स्कूबा डायव्हिंगआधी तपासणी का?

खोल पाण्यातून झटकन वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवले. १९०८ मध्ये ब्रिटनच्या हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याचे वेळापत्रक बनवले. लठ्ठ प्राण्यांना त्रास जास्त होतो, हेही तेव्हाच सहकाऱ्यांना आढळले.

१९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग बनवले आणि पुढे हौशी माणसेही समुद्रात उतरू लागली.

तुम्ही तारकर्लीला जाणार असाल, तर फॉर्ममध्ये दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचे ऑपरेशन लपवू नका. १० मीटर खोलीवर घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. दम्यामुळे ती अडकली, तर फुप्फुस फाटू शकते. शंका असल्यास आधी डॉक्टरांना भेटा.