खुब्यातली गोल पेशी आणि तिचा बदलणारा आकार

घरात आजी-आजोबा असतील तर "वंगण संपलं", "गादी झिजली" ही वाक्यं तुमच्या कानावरून गेलीच असतील. म्हणजे सांधा ही जणू दाराची बिजागरी. वापरली की झिजणार, विषय संपला. आजच्या एपिसोडमध्ये बघूया, ही समजूत कुठून आली आणि एका पेशीच्या आकाराने तिला धक्का कसा दिला.

साल १७४३, लंडन. विल्यम हंटर नावाच्या पंचविशीतल्या शरीरशास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर निबंध मांडला. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं ते गुळगुळीत, पांढरट आवरण. त्याचा निष्कर्ष कडक होता: कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही. मुद्दा बऱ्याच अंशी बरोबरच होता. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत. पेशी तर इतक्या विरळ की बहुतेक जागा नुसत्या पाण्याने आणि तंतूंनी भरलेली. मग पुढे कूर्चेला जवळजवळ निर्जीव वस्तू समजलं गेलं यात नवल काय?

आता थेट १९६२ वर येऊ. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलमध्ये जॉन चार्न्ली यांनी धातू आणि पॉलिथिनचा कृत्रिम खुबा यशस्वी करून दाखवला. रुग्ण चालू लागले, हे तर झालंच. पण अशा ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचा खराब झालेला गोळा काढावा लागतो. म्हणजे आजारी कूर्चेचे ताजे नमुने संशोधकांच्या हाती यायला लागले!

१९७१ मध्ये अमेरिकेत हेन्री मँकिन आणि सहकाऱ्यांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस झालेल्या खुब्यांची कूर्चा तपासली आणि तिला ० ते १४ असे गुण द्यायची पद्धत काढली. पृष्ठभागाला भेगा किती, रंग कितपत धरतो, हे त्यात होतंच. पण पेशींनाही वेगळे गुण होते. आधी पेशी वाढतात, मग एकेकट्या न राहता गुच्छ करतात, शेवटी कमी होतात. गंमत म्हणजे आजार वाढतो तशी पेशींची नवं बांधायची धडपडही वाढत जाते, आणि एका टप्प्यावर ती कोलमडते. निर्जीव बिजागरी असं करेल का?

पुढचा दुवा १९८२ चा. बेन्या आणि शाफर यांनी सशाच्या कूर्चापेशींवर प्रयोग केला. सपाट पृष्ठभागावर वाढवल्या की या पेशी पसरतात, चपट्या होतात आणि कूर्चेचं खास कोलॅजेन, म्हणजे टाइप टू, बनवणं सोडून देतात. त्याच पेशी अॅगरोजच्या जेलमध्ये ठेवल्या तर पुन्हा गोल होतात आणि जुनं काम परत सुरू करतात. जीन्स त्याच, पण आकार बदलला की आउटपुट बदललं.

मग प्रश्न आला, खऱ्या सांध्यात काय होतं? पातळ काप काढून बघितलं तर पेशीचा पूर्ण आकार कळत नाही. कॉन्फोकल मायक्रोस्कोपने ती अडचण सोडवली. कूर्चा न कापता आतली पेशी थ्रीडीत दिसू लागली. २००३ मध्ये पीटर बुश आणि अँड्र्यू हॉल यांनी गुडघ्याच्या कूर्चेत पाहिलं की वरून ठीक दिसणाऱ्या भागातही बऱ्याच पेशींना धाग्यांसारखे फाटे फुटलेले आहेत. २०१८ मध्ये एडिनबरोच्या गटाने खुब्याच्या गोळ्यातही तेच दाखवलं. अगदी सौम्य झीज असतानाच गोल पेशी वेड्यावाकड्या होत होत्या, गुच्छ करत होत्या.

हे महत्त्वाचं का? कारण एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. ती कमी झालेली कळते तोवर आतल्या पेशींनी कधीच आपलं वागणं बदललेलं असतं. आकार बदलतो म्हणून कूर्चा बिघडते, की कूर्चा मऊ पडते म्हणून आकार बदलतो? यावर अजून काम चालू आहे. पण प्रश्न आता "किती झिजलं?" इथून "पेशी काय करतेय?" इथवर आलाय. हंटरला जिथे शेवट दिसला होता, तिथे आज निदान उपचाराची सुरुवात शोधली जातेय.

तेव्हा घरी पुन्हा कोणी "वंगण संपलं" म्हणालं, तर हा एपिसोड त्यांना नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात!