पेसा क्षेत्र (नंदुरबार जिल्हा)

पंचायत विस्तार (अनुसूचित क्षेत्रे) अधिनियम, १९९६ म्हणजेच ‘पेसा’ लागू असलेला नंदुरबार जिल्ह्याचा भाग. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. नवापूर, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) हे तालुके पूर्णतः, तर नंदुरबार व शहादे अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात.

सत्तावाटपाची येथील रीत इतर महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे. पाचव्या अनुसूचीनुसार एखादा केंद्रीय वा राज्य कायदा या क्षेत्रास लागू करू नये किंवा फेरफार करून लागू करावा, असे राज्यपाल अधिसूचनेद्वारे ठरवू शकतात. खालच्या टोकाला अधिकार आहेत ते ग्रामसभेचे, आणि पेसाचा खरा नवेपणा तोच. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी (किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी) सल्लामसलत बंधनकारक असते; मात्र सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे, ही कायद्यातील मोठी फट होय. मोह, चारोळी, तेंदूपाने यांसारख्या गौण वनोपजांची मालकी, सावकारी व मद्यविक्रीवर नियंत्रण हेही विषय तिच्या कक्षेत येतात.

सातपुड्यात एकेका ग्रामपंचायतीत दूरदूर विखुरलेले अनेक पाडे असतात. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांमुळे अशा पाड्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची व स्वतःची ग्रामसभा भरवण्याची वाट मिळाली. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. त्याचा विनियोग ग्रामसभेने ठरवायचा असतो.