प्रकाशाने की प्रकाशामुळे?

गेल्या हिवाळ्यात झाशीच्या सिविल लाइंसमधल्या आमच्या घरी एका फलकाचा मजकूर अनुवादासाठी आला. आणणारी माझी भाची. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आणि शाळकरी मुलांसाठी एक प्रदर्शन भरवत होती. इथल्या मराठी कुटुंबांतले आजी-आजोबाही येणार, म्हणून म्हणाली, ‘‘मावशी, हिंदी मी करते, मराठी तू कर.’’

मी पहिलं वाक्य लिहिलं: ‘अतिनील प्रकाशाने द्रावणात सोन्याचे नॅनोरॉड वाढवले जातात.’ तिने वाचलं आणि मान हलवली. ‘‘प्रकाश नाही गं वाढवत.’’

अडचण ‘ने’ या प्रत्ययाची होती. मराठीत तो कर्ताही दाखवतो आणि साधनही. ‘रामाने फांदी तोडली’ आणि ‘कोयत्याने फांदी तोडली’. माझ्या वाक्यातला प्रकाश राम होता की कोयता? हे ठरवायला मला मागे, 1842 पर्यंत जावं लागलं.

त्या वर्षी जॉन हर्शेल यांनी सोन्याची छायाचित्रं काढण्याची एक रीत शोधली, क्रिसोटाइप. कागदाला लोहाच्या क्षाराचा लेप द्यायचा, तो उन्हात धरायचा आणि मग सोन्याच्या क्षाराच्या द्रावणाने चित्र उमटवायचं. सूर्यप्रकाश, विशेषतः त्यातला निळा-जांभळा आणि अतिनील भाग, लोहात बदल घडवतो. बदललेलं लोह सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं आणि सोन्याचे अतिसूक्ष्म कण कागदावर बसतात. म्हणजे प्रकाशाने सोन्याला हातही लावलेला नसतो. मधलं काम लोहाचं.

पुढे फेब्रुवारी 1857 मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीत सोनं आणि प्रकाश यांच्या नात्यावर व्याख्यान दिलं. त्यांच्या बाटल्यांतलं द्रावण माणकासारखं लाल होतं. हा रंग सोन्याच्याच फार बारीक कणांचा आहे, असं त्यांनी मांडलं. कण गोल असले की लाल दिसतात. ते लांबट झाले की त्यांच्या शोषणाचा एक पट्टा तांबड्याकडे आणि त्याही पलीकडे अवरक्ताकडे सरकतो, आणि द्रावणाचा रंग पालटतो. अवरक्ताचा जवळचा भाग शरीराच्या ऊतींत खोलवर जातो, म्हणून या कांड्या वैद्यकालाही हव्याशा वाटतात.

अशा कांड्या अतिनील प्रकाशात तयार करण्याचं काम 1995 मध्ये जपानमध्ये कुनिओ एसुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. 2001 मध्ये खरगपूरच्या तरासंकर पाल यांच्या गटाने याच प्रकाशात सोन्याचे ‘बीज’कण तयार करून ते वाढवल्याचं छापलं. त्या लेखाच्या लेखकांपैकी निखिल जना त्याच सुमारास अमेरिकेत कॅथरीन मर्फी यांच्याबरोबर काम करत होते. तिथे बीजापासून, अतिनील प्रकाशाशिवाय, कांड्या वाढवण्याची रीत तयार झाली आणि तीच पुढे जास्त रुळली. 2002 मध्ये बर्कलीत किम, साँग आणि यांग यांनी अतिनील प्रकाशाच्या रीतीत चांदीचा क्षार मिसळला. 254 नॅनोमीटरचा दिवा, सुमारे 30 तास. चांदीचं प्रमाण बदललं की कांड्यांची लांबीही बदलायची.

भाचीने माझ्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. दोन्ही एकाच दिव्याखाली, तेवढेच तास होत्या. चांदी नसलेली लाल झाली होती, चांदी असलेली निळसर जांभळी.

‘‘प्रकाश दोघींवर सारखाच पडला,’’ ती म्हणाली. ‘‘मग फरक कुणी केला?’’

तिने समजावलं ते असं. प्रकाश पडला की ॲसिटोनपासून क्रियाशील तुकडे तयार होतात आणि ते सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन पुरवतात. साबणासारखं एक द्रव्य कणांभोवती वेढा घालतं. चांदी कणाच्या बाजूंना बिलगते, तिथे सोनं सहज बसू शकत नाही, म्हणून वाढ टोकांकडे होते. चांदी हे नेमकं कसं साधते यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण तिच्याशिवाय लाल बाटली, एवढं माझ्या टेबलावर दिसत होतं.

हे ऐकताना मला आमच्याच गावाची गोष्ट आठवत होती. फॅरेडेंच्या व्याख्यानानंतर चार महिन्यांनी झाशीत उठाव झाला. 1858 च्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे इथेच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापला गेला तो चिंतामणराव वैद्यांच्या हातून, बराच बदलून. मूळ लिखाण वाचकांपुढे आलं 1966 मध्ये, दत्तो वामन पोतदारांमुळे. आणि माझ्या हिंदीभाषक शेजाऱ्यांनी भटजींना वाचलं ते अमृतलाल नागरांच्या अनुवादातून. शेजारी म्हणतात, ‘‘गोडसेजींनी असं लिहिलंय.’’ नागरांचं नाव क्वचितच कुणी घेतं. वैद्यांच्या कात्रीचं तर नाहीच.

माझ्या पहिल्या अनुवादित पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझं नाव नव्हतं. आतल्या पानावर, किमतीच्या वर, बारीक अक्षरात होतं. प्रकाशकांना विचारलं तर म्हणाले, ‘‘जागा नव्हती.’’ मीही गप्प बसले. वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं मराठीत आणल्यावर मी स्वतःच चांदीला वगळून वाक्य लिहिलं होतं, कारण तसं ते सुटसुटीत वाटत होतं.

शेवटी फलकावर गेलं ते असं: ‘अतिनील प्रकाश पडल्यावर ॲसिटोनच्या मदतीने द्रावणातलं सोनं कणरूप घेतं, त्या कणांच्या कांड्या होतात त्या चांदीमुळे.’ भाचीला अक्षर लहान करावं लागलं. मी म्हटलं, चालेल.

प्रदर्शनात शेजारचे एक आजोबा चष्मा वर करून फलक वाचत उभे राहिले. मग त्यांनी भाचीला विचारलं, ‘‘बाळ, काम झाल्यावर ही चांदी जाते कुठे?’’

‘‘थोडी राहते, आजोबा,’’ ती म्हणाली. ‘‘कांडीच्या अंगालाच. पण डोळ्यांना नाही दिसत.’’