गाडीला हात करणे : एका रिवाजाची कुळकथा

रस्त्याच्या कडेला उभे राहून हात आडवा धरायचा, तळवा खाली ठेवून दोन-तीनदा हलवायचा. याला ‘गाडीला हात करणे’ म्हणतात. नाशिक जिल्ह्यात घोटीपासून चांदवडपर्यंत ही खूण ट्रकवाल्याला, पिकअपवाल्याला आणि दुचाकीस्वाराला सारखीच कळते. थांबणारा ‘कुठं?’ एवढेच विचारतो, हात करणारा गावाचे नाव सांगतो आणि उरलेले बोलणे गाडी चालू लागल्यावर होते. युरोप-अमेरिकेत याच कामासाठी मूठ वळून अंगठा बाहेर काढतात. ती खूण मराठी मुलखात रुजणे अवघड होते. इथे अंगठा दाखवणे म्हणजे ठेंगा दाखवणे, साफ नाही म्हणणे. ज्याला काही मागायचे आहे त्याने उघडा तळवाच पुढे करायचा, ही इथली जुनी रीत आहे.

शहरात याच गोष्टीला ‘लिफ्ट मागणे’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांच्या बोलीतून आला. डच भाषेनेही तोच उचलला आणि त्यावरून ‘लिफ्टेन’ हे क्रियापद केले. फ्रेंच, इटालियन आणि पोलिश लोक ‘ऑटोस्टॉप’ म्हणतात. ‘हिचहायकिंग’ हा शब्द अमेरिकेत १९२० च्या दशकात रूढ झाला. तेव्हा तिथे मोटारी घरोघरी येऊ लागल्या होत्या आणि ज्यांच्याकडे त्या नव्हत्या असे तरुण रस्त्यावर उभे राहू लागले होते. या शब्दांत एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. ‘लिफ्ट’मध्ये देणाऱ्याची कृती आहे, ‘ऑटोस्टॉप’मध्ये गाडीची. ‘हात करणे’ या मराठी शब्दप्रयोगात मात्र मागणारा पुढे आहे. इथला रिवाज मागणाऱ्याच्या गरजेतून वाढला, हौसेतून नव्हे, आणि ते शब्दातच उमटले आहे.

वाटसरूला फुकट पलीकडे नेण्याचा या भागातला सर्वांत जुना लेखी पुरावा खुद्द नाशिकला आहे. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. उषवदाताच्या दानांची मोठी यादी त्यात येते आणि त्या यादीत नद्या आहेत : इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्याने होड्या ठेवून ‘पुण्यतर’ सुरू केली, म्हणजे उतरणाऱ्याकडून काही न घेता त्याला पैलतीरी पोहोचवण्याची सोय केली. तीरांवर बसायला सभा आणि प्यायला पाणपोया केल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे उतरायला जागा बांधल्या. पारदा म्हणजे आजची पार आणि दमण म्हणजे दमणगंगा. दोन्हींचा उगम नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात आहे. गोवर्धन हे तर नाशिकच्या परिसराचेच तेव्हाचे नाव. ‘तर’ हा शब्दही हरवलेला नाही, कोकणात खाडी ओलांडणाऱ्या होडीला तोच शब्द वापरतात.

या शिलालेखापासून आजच्या हात करणाऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही, आणि ओढूही नये. पण त्यातली व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे. होडीत बसणारा काही देत नाही, तरी होडीवाला तोट्यात जात नाही, कारण खर्च तिसऱ्याने उचललेला आहे आणि उचलणाऱ्याचे नाव दगडात कोरलेले आहे. फुकट प्रवासाची जोखीम कोणाची, हा पुढे न्यायालयांपर्यंत गेलेला प्रश्न तिथे आधीच सोडवून ठेवला होता.

बैलगाडीच्या काळात हा प्रश्न फारसा उठत नव्हता. बाजाराच्या दिवशी माल उतरवून गाडी रिकामी परतायची, वाटेत ओळखीचे माणूस दिसले की गाडीवान कासरा ओढून त्याला मागे बसवून घ्यायचा. बैलांना एका माणसाचे ओझे जड नसे, आणि चार कोसांच्या टापूत अनोळखी असे कोणी नसायचेच. मोबदला म्हणून तंबाखूची चिमूट किंवा पुढच्या चढाला गाडीमागून दिलेला रेटा पुरत असे.

ट्रक आल्यावर हिशेब बदलला. थळघाटातून इगतपुरीकडे चढणारी रेल्वे १ जानेवारी १८६५ ला सुरू झाली होती, पण ती रुळांच्या आसपासच्या गावांना उपयोगी होती. दिंडोरी, निफाड, चांदवड, सिन्नरच्या आतल्या गावांना रस्त्याचाच आधार होता. मुंबई-आग्रा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ झाला आणि कांदा, द्राक्षे, टोमॅटो, भाजी घेऊन मुंबईकडे जाणारे ट्रक त्यावरून रात्रंदिवस धावू लागले. ट्रकमध्ये बसणाऱ्याकडून पैसे घेण्याची रीत इथेच पडली. केबिनमध्ये जागा असेल तर केबिनमध्ये, नाहीतर मागे फाळक्याच्या आत मालावर. पैसे क्लीनर गोळा करतो आणि ते एसटीच्या तिकिटापेक्षा थोडे कमी असतात. चालकाच्या दृष्टीने ही चहापाण्याची वरकमाई. शिवाय रात्रीच्या घाटात शेजारी बोलणारे कोणी असले तर डोळा लागत नाही, हेही अनेक चालक कारण म्हणून सांगतात. ते खरे मानायला हरकत नाही. एकट्याने चालवण्याचा शीण हा या धंद्यातला रोजचा शत्रू आहे.

एसटी सुरू झाली १ जून १९४८ ला, पुणे ते अहमदनगर या मार्गावर. पुढच्या काही दशकांत ती बहुतेक गावांत पोहोचली, पण दिवसातून एक-दोनदाच येणारी गाडी चुकली की पुन्हा रस्त्यावर हात करणे आलेच. एसटीने हा रिवाज ओळखला आणि ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ अशी योजना काढून त्याला आपल्यात सामावून घेतले. थांबा नसलेल्या जागी साध्या गाडीला हात करावा, गाडी थांबावी, माणसाने तिकीट काढून बसावे. सरकारी महामंडळाने रस्त्यावरच्या खुणेला नियमाचा दर्जा द्यावा, ही या कुळकथेतली मोठी गोष्ट आहे.

तरी उरलेली पोकळी भरली ती काळ्या-पिवळ्या जीपने. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे तिला ‘वडाप’ म्हणतात, नाशिक-खानदेशात ‘काळी-पिवळी’. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवण या भागांत ती आसनांच्या दुप्पट माणसे भरून निघते. द्राक्षबागांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याचे मजूर दिंडोरी-निफाडला पिकअपच्या मागच्या हौद्यात उभ्याने येतात. हात करण्याचा रिवाज इथे रोजच्या वाहतुकीत मिसळून गेला आहे, आणि धोकाही त्याच्याबरोबर रोजचाच झाला आहे.

युरोपात हाच प्रवास वेगळ्या वळणाने गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर खिशात पैसे नसलेले विद्यार्थी अंगठा दाखवत देशोदेशी फिरू लागले. ज्याने गाडी थांबवली त्याची भाषा कानावर पडायची, कधी त्याच्या घरी मुक्कामही मिळायचा. पुस्तकात न सापडणारा देश असा बघायला मिळे, हा त्या प्रवासाचा खरा लाभ. १९७१ मध्ये केन वेल्श यांचे युरोपात अशा प्रवासासाठीचे मार्गदर्शक पुस्तक निघाले. याच पिढीतले कितीतरी जण इस्तंबूल, तेहरान, काबूल करत दिल्लीला आणि तिथून गोव्याला पोहोचले. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य यांनी तो मार्ग बंद केला.

सर्वांत विचारपूर्वक केलेली सोय पोलंडची. तिथे १९५८ पासून सरकारमान्य ऑटोस्टॉप योजना होती. प्रवाशाने एक पुस्तिका विकत घ्यायची. तिच्यात अंतराची कुपने असत. जेवढे किलोमीटर बसला तेवढी कुपने चालकाला द्यायची. हंगामाअखेर ज्या चालकांकडे जास्त कुपने जमत त्यांना बक्षिसे मिळत. आणि पुस्तिकेबरोबर प्रवाशाचा विमाही येत असे. प्रवासी फुकट बसतो, चालकाला मान मिळतो, अपघाताचा भार तिसरा उचलतो. उषवदाताच्या होडीशी याचे साम्य विलक्षण आहे.

भारतात हा तिसरा कधी उभाच राहिला नाही, आणि इथल्या रिवाजातला सर्वांत मोठा धोका तिथे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४७ मध्ये विमा कंपनीने कोणाची भरपाई द्यायची ते सांगितले आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात मालवाहू गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी आला. म्हणजे निफाडचा शेतकरी आपल्या कांद्याबरोबर ट्रकमध्ये बसून वाशीच्या बाजाराला निघाला तर त्याला विम्याचे संरक्षण आहे. त्याच ट्रकला घोटीला हात करून त्याच बाकावर बसलेल्या मजुराला नाही. सर्वोच्च न्यायालयाने सतपाल सिंग प्रकरणात नव्या कायद्याचा अर्थ लावताना मालवाहू गाडीतल्या फुकट प्रवाशालाही संरक्षण आहे असे म्हटले होते. आशा राणी प्रकरणात, डिसेंबर २००२ मध्ये, मोठ्या पीठाने तो अर्थ रद्द केला. २००४ च्या बलजित कौर प्रकरणाने १९९४ च्या दुरुस्तीनंतरही फुकट प्रवासी बाहेरच राहतो हे पक्के केले. भरपाईची जबाबदारी गाडीमालकाची. त्या प्रकरणात विमा कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी असा आदेश झाला, आणि पुढे बऱ्याच दाव्यांत हीच वाट धरली गेली.

पैसे देऊन बसल्याने मजुराची बाजू बळकट होत नाही. मालाच्या परवान्यावर प्रवासी नेले म्हणून परवान्याचा भंग होतो आणि विमा कंपनी पुन्हा हात वर करते. एका ट्रकच्या मालकाकडे किती मालमत्ता असते आणि त्याच्याकडून भरपाई काढायला किती वर्षे जातात, हे अपघात दावा न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या घरांना ठाऊक असते. ज्याला एसटी मिळत नाही म्हणून तो ट्रकमध्ये चढतो, त्यालाच कायदा सर्वांत उघड्यावर ठेवतो. हा अन्याय आहे आणि तो स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे.

दुचाकीवर मागे बसणाऱ्याचीही गत काहीशी अशीच. नुसता कायद्यापुरता, म्हणजे तिसऱ्या पक्षाचा विमा असेल, तर मागचा फुकट प्रवासी त्यात येत नाही, असे २००६ च्या तिलक सिंग प्रकरणात ठरले. सर्वसमावेशक विम्यात मात्र दुचाकीवरचा मागचा माणूस आणि खासगी मोटारीतले प्रवासी धरलेले असतात. विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ मध्ये कंपन्यांना तसे स्पष्ट कळवले. शेजाऱ्याला मागे बसवण्यापूर्वी आपला विमा कोणता हे बघणारे कमीच असतात.

देणाऱ्यालाही कायद्याची भीती आहे. खासगी मोटारीत भाडे घेऊन माणसे नेण्यास कलम ६६ खाली परवाना लागतो. २०१८ च्या पावसाळ्यात अनोळखी माणसांना लिफ्ट दिल्याबद्दल नवी मुंबईत एका मोटारचालकाला दंड भरावा लागल्याची बातमी देशभर पसरली आणि फुकट नेणाऱ्यांनीही धसका घेतला.

माणसाकडून माणसाला असलेला धोका यापेक्षा जुना आहे. प्रवासी म्हणून चढलेल्याने घाटात चालकाला लुटावे, ही ट्रकवाल्यांची भीती. म्हणून अनेक मालक केबिनमध्ये कोणालाही घ्यायचे नाही अशी सक्त ताकीद देतात. बाईमाणसाची भीती वेगळी सांगायला नको. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत एका तरुणीवर झालेल्या सामूहिक बलात्काराची सुरुवात प्रवासी घेतो असे भासवून थांबलेल्या एका खासगी बसपासून झाली होती. युरोपही यातून सुटलेला नाही. माणसांवरचा विश्वास दाखवण्यासाठी लग्नाचा पोशाख घालून अंगठा दाखवत निघालेल्या पिप्पा बाका या इटालियन कलावंत बाईचा २००८ मध्ये तुर्कस्तानात खून झाला. नाशिकच्या रस्त्यांवर एकटी बाई ट्रकला सहसा हात करत नाही. ती काळ्या-पिवळीत दुसऱ्या बाया आहेत का ते बघून चढते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले, तेव्हा सुरक्षित प्रवास स्वस्तही झाला.

२०२० च्या उन्हाळ्यात हा रिवाज त्याच्या मुळाशी परत गेला. टाळेबंदीत मुंबई-ठाण्याहून निघालेले मजूर कसारा घाट चढून नाशिकवरून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशाकडे पायी चालू लागले. मेच्या सुरुवातीला नाशिकहून भोपाळ आणि लखनौसाठी श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या, एसटीने माणसांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट सोडले. त्याआधी आणि त्यानंतरही, ट्रक आणि कंटेनरला केलेला हात हाच अनेकांचा आधार होता. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा खेड्यापाड्यांतली शाळकरी पोरेही रस्त्यावर हात करत उभी राहिली.

आता रस्त्याची घडणच बदलते आहे. हात करायला गाडीचा वेग कमी होईल अशी जागा लागते : फाटा, नाका, घाटाचा चढ. नाशिक शहरावरून २०१३ मध्ये उड्डाणपूल झाला आणि लांबची वाहने वरून निघून जाऊ लागली. द्वारका आणि मुंबई नाक्याला खाली स्थानिक गाड्या उरल्या. जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. त्यावर पादचारी, दुचाकी आणि रिक्षा यांना बंदी आहे, मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि वाटेत गाडी थांबवता येत नाही. जर्मनीच्या द्रुतगती मार्गांवरही पायी जायला मनाई असते. तिथले अंगठेवाले जोडरस्त्याच्या तोंडाशी किंवा पेट्रोलपंपावर उभे राहतात. फ्रान्समध्ये २००६ साली सुरू झालेली ब्लाब्लाकार २०१५ मध्ये भारतात आली आणि मोबाइलवरून खर्च वाटून घेत मोटारीत जागा मिळवता येऊ लागली. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा सामायिक प्रवासाला शहरात दिवसाला चार आणि शहराबाहेर आठवड्याला दोन फेऱ्यांची मर्यादा घातली होती. या सोयीत दोघांची नावे आणि ओळख आधी नोंदलेली असते. ज्याच्याकडे असा मोबाइल नाही, तो अजून जुन्या आग्रा रस्त्यावर, चढाला गाड्या हळू होतात तिथे उभा राहतो.