माफीनाम्याविना

३ मार्च १९२०. ओव्हल मैदान मागे टाकून तुम्ही मुंबई हायकोर्टाच्या दगडी इमारतीत शिरता. न्यायासनावर मार्टेन, हेवर्ड आणि काजीजी. सरकारतर्फे ॲडव्होकेट जनरल स्ट्रँगमन. समोर ‘यंग इंडिया’चे संपादक गांधी आणि प्रकाशक महादेव देसाई. दोघांनीही वकील दिलेला नाही.

कागद वाचले जातात तसं प्रकरण उलगडतं. रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतलेल्या अहमदाबादच्या वकिलांबद्दल तिथले जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी हायकोर्टाला पत्र लिहिलं होतं. त्या वकिलांवरची कारवाई कोर्टात प्रलंबित असतानाच, ६ ऑगस्ट १९१९च्या अंकात, गांधींनी ते पत्र टीकेसह छापलं. हा कोर्टाचा अवमान मानून कोर्टाने माफीचा मसुदा पाठवला. तो छापला असता तर विषय तिथेच मिटला असता. गांधींनी नकार कळवला.

बॅरिस्टर माणूस, आता कायद्याचा कीस काढील, असं तुम्हाला वाटतं. गांधी आपलं निवेदनच पुढे ठेवतात: पत्र छापणं हे संपादक म्हणून माझं कर्तव्य होतं, जे मनापासून वाटत नाही त्याची माफी मागता येणार नाही, कोर्ट देईल ती शिक्षा मान्य. देसाई आपणही याच मताचे असल्याचं सांगतात.

तुमचा जीव टांगणीला लागतो, कारण पुढचा काळ तुम्हाला ठाऊक आहे. अवमानाच्या शिक्षेवर सहा महिन्यांची कमाल मर्यादा १९२६च्या कायद्याने येईल; आज तशी मर्यादा कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही. अपिलाचा हक्कही फार पुढे, १९७१मध्ये, कायद्यात लिहिला जाईल. वकिलाविना उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती आज फक्त स्वतःचं बोलणं आहे, आणि ते बोलणं पुन्हा अवमानच ठरवायचं की नाही, हेही समोरचेच ठरवणार. ही रचना मला अन्यायाची वाटते. ज्याचा अवमान झाला म्हणायचं, तोच फिर्यादी आणि तोच न्यायाधीश! तरीही या दोघांचं निवेदन कोर्ट ऐकून घेतं, नोंदवून घेतं. वकिलाविना आलेल्या पक्षकाराला किमान एवढं तरी मिळायलाच हवं.

काही दिवसांनी निकाल लागतो. अवमान सिद्ध, दोघांना कडक समज आणि पुढे असं न करण्याची ताकीद. तुरुंग नाही. कोर्टाने लिहून दिलेली माफी मात्र ‘यंग इंडिया’त कधीच छापली गेली नाही.