धरणावरची मोटरबोट : पाणी शिरतं कुठून अन् इंजिन तापतं कशानं

अमरावती/अकोला : चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर पर्यटकांची बोट फिरते. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणात आणि बार्शिटाकळी तालुक्यात महानच्या काटेपूर्णा धरणात मासेमारी चालते. पूर आला की पूर्णाकाठच्या गावांत शोध व बचाव पथकांच्या रबरी बोटी उतरतात. म्हणजे आपला भाग समुद्रापासून कितीही दूर असला तरी बोटीचं इंजिन इथं नवीन राहिलेलं नाही. नवीन आहे ते त्याच्या दुरुस्तीचं ज्ञान. ट्रॅक्टरचा मिस्त्री गावोगाव सापडतो, पण बोटीच्या मागे लटकवलेलं इंजिन उघडणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणीही शोधावा लागतो. त्यामुळे निदान बिघाड कुठला आहे, तो धरणाच्या काठावर निघतो की इंजिन खाली उतरवावं लागतं, एवढं तरी बोट चालवणाऱ्याला कळलं पाहिजे.

पाण्याशी खेळ नसतो, हे वरुड तालुक्यानं पाहिलेलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा जीव गेला. पाणी भरलेली बोट तर आणखी लवकर उलटते. बोटीत साचलेलं पाणी एका जागी थांबत नाही. बोट जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलंडवतं. त्यात घाबरून चार माणसं उभी राहिली तर मग सावरत नाही.

आधी पाणी कुठलं ते ठरवा

बोटीत पाणी दिसलं म्हणजे भोकच पडलं असं नाही. रात्री पाऊस झाला असेल, चालताना शिंतोडे उडाले असतील, जाळ्याबरोबर पाणी आत आलं असेल. बोट कोरडी पुसून घ्यावी, कोणी न बसता काठाला बांधून दोन तास ठेवावी आणि पाहावं. पाणी आलं तर गळती आहे. आलं नाही, पण फेरी मारल्यावर येतं, तर गळती वरच्या भागात आहे, जिथं माणसं बसल्यावरच पाणी पोचतं. इंजिन बसवलेल्या मागच्या पाटीचे बोल्टही अशा वेळी पाहावेत. इंजिनाच्या धक्क्यानं ते सैल होतात आणि त्यांच्या भोकातून पाणी झिरपतं.

सगळ्यात जास्त वेळा चूक असते ती बुचाची. बोट काठावर ओढल्यावर आतलं पाणी काढायला मागे खाली एक भोक असतं, त्याचं बूच लावायचं राहून जातं किंवा त्याचं रबर उन्हानं कडक झालेलं असतं. ही बाब क्षुल्लक वाटते, पण हिशोब केला तर अंगावर काटा येतो. पाण्याखाली एक फूट खोल एक इंच रुंद भोक उघडं असलं तर मिनिटाला ४० लिटरच्या वर पाणी आत येतं. दहा मिनिटांत ४०० लिटर, म्हणजे सहा माणसं जादा बसवल्यासारखं झालं. करंगळीएवढं, एक सेंटीमीटरचं भोक असलं तरी मिनिटाला सात लिटर पाणी येतं. पाच लिटरचा डबा घेऊन एक माणूस मिनिटाला दहा खेपा पाणी उपसू शकतो, पण किती वेळ? म्हणून बोटीत डबा हवाच, पण डब्याच्या भरवशावर गळकी बोट नेऊ नये.

भोक शोधायची सोपी रीत उलटी आहे. बोट पाण्यात ठेवून आतून भोक शोधण्यापेक्षा बोट जमिनीवर घ्यावी, दोन-तीन ठिकाणी लाकडाचा नीट आधार द्यावा आणि बोटीतच पाणी भरावं. वितभर पाणी पुरे. त्यापेक्षा जास्त भरू नये, कारण एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते सगळं वजन जमिनीवर असलेल्या बोटीच्या तळावर येतं. मग बाहेरून खाली वाकून पाहायचं. जिथं थेंब लोंबतो तिथं खडूनं खूण करायची. थेंब घरंगळत लांब जाऊन पडतो, म्हणून खालचा थेंब पाहून फसू नये, ओल वर कुठून सुरू होते ते पाहावं.

पुढचं काम बोट कशाची आहे त्यावर आहे.

फायबरच्या बोटीला दगडावर घासून तडा जातो. वरचा गुळगुळीत थर नुसता तडकला असेल तर घाई नाही, पण आतली जाळी दिसत असेल तर ती पाणी पीत राहते. तडा घासून रुंद करावा, पूर्ण वाळू द्यावा, मगच फायबरची जाळी आणि रेझिन लावावं. ओल्या जागेवर लावलेलं रेझिन पोपड्यासारखं निघून येतं. पावसाळ्यात केलेली दुरुस्ती दिवाळीपर्यंत टिकत नाही त्याचं कारण हेच असतं. हे काम उघड्यावर करावं, त्याचा वास डोक्यात चढतो. एम-सील लावून काठापर्यंत येता येतं, हंगाम काढता येत नाही.

अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या बोटीत रिव्हेट सैल होतात. एकानं बाहेरून लोखंडी ठोकळा धरायचा आणि दुसऱ्यानं आतून हातोडीनं बसवायचं, असं दोघांचं काम आहे. नळाच्या कामाचं सिलिकॉन चोपडू नये. ते सुटून येतं आणि नंतर त्या जागेवर दुसरं काहीच धरत नाही. बोटीच्या कामाला पॉलियुरेथेनचं सीलंट लागतं.

लाकडी डोंग्याला मोटर लावली असेल तर त्याची गोष्ट वेगळी. उन्हाळाभर काठावर पडलेल्या डोंग्याच्या फळ्या आकसतात आणि पहिल्या दिवशी तो चाळणीसारखा गळतो. दोन दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवला की लाकूड फुगतं आणि बऱ्याच फटी आपोआप बंद होतात. त्यानंतरही गळेल त्या फटीत सुताची वात ठोकून वरून डांबर द्यायचं.

रबरी बोट मऊ पडली की लोक पंक्चर शोधू लागतात. पण आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात भरलेली हवा थंड पाण्यात उतरली की आकसते आणि बोट ढिली होते. हे पंक्चर नव्हे, वरून थोडी हवा भरली की झालं. उलटही होतं. सकाळी टम्म भरलेली बोट दुपारी काठावर उन्हात ठेवली तर शिवण फाटू शकते, म्हणून तेव्हा हवा थोडी सोडावी. खरोखर गळत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा पाहावा, आणि पहिला बुडबुडा व्हॉल्व्हवर शोधावा. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन या बोटीवर टिकत नाही. पीव्हीसी आणि हायपॅलॉन या दोन कापडांना गोंदही दोन वेगळे लागतात.

इंजिन तापतं तेव्हा

बोटीच्या इंजिनाला ट्रॅक्टरसारखं रेडिएटर नसतं. ते धरणाचंच पाणी खालून ओढतं, इंजिनातून फिरवतं आणि बाहेर टाकतं. मागून जी बारीक पाण्याची धार सतत पडते, ती त्यातल्याच पाण्याची. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. बोट सुरू केल्याबरोबर आणि नंतर दर थोड्या वेळानं मान वळवून धार पाहायची सवय लावावी.

धार थांबली किंवा बजर वाजला तर घाबरून जोरात काठाकडे पळवू नये. इंजिन कमी करावं. धार येत नसेल तर बंद करावं आणि नांगर किंवा वल्हं घ्यावं. इंजिन वर उचलून खालच्या जाळीवर काय अडकलं ते पाहावं. शेवाळ, जलपर्णीची मुळं, निर्माल्याची पिशवी, गुटख्याची पुडी यातलंच काही तरी निघतं. तापलेल्या इंजिनावर बादलीनं थंड पाणी ओतायचा मोह होतो, तो टाळावा. तापलेलं हेड तडकलं की इंजिनाच्या किमतीएवढा खर्च उभा राहतो. आपोआप निवू द्यावं.

जाळी साफ आहे, तरी धार नाही? मग धारेच्या नळीतच गाळ किंवा कुंभारमाशीचं घर असू शकतं. बोट बरेच दिवस बंद पडून असली की माशी हमखास तिथं माती भरते. मासे धरायच्या जाड नायलॉन दोऱ्याचा तुकडा हळूच आत घालून पाहावा. धार परत आली आणि इंजिन थंड राहिलं तर बिघाड एवढाच होता.

तेही नसेल तर मग इम्पेलर. इंजिनाच्या खालच्या पायात रबराच्या पात्यांचं एक लहानसं चाक असतं, तेच पाणी वर ढकलतं. त्याला वंगण पाण्याचंच. पाण्याविना इंजिन सुरू केलं की मिनिटभरातच पाती जळू लागतात. काठावर ‘नुसतं सुरू होतं का पाहू’ म्हणून दोरी ओढणाऱ्यानंच बहुतेक इम्पेलर मारलेले असतात. इंजिन तपासायचं असेल तर मोठ्या ड्रममध्ये पाय बुडवून, न्यूट्रलमध्ये, पंखा काढून तपासावं.

दुसरं कारण गाळ. एप्रिल-मेमध्ये धरण तळाला जातं आणि बोट काळ्या मातीचा राडा ढवळत चालते. ते पाणी इम्पेलरला आणि त्याच्या घराला सहाणेसारखं घासतं. म्हणून उथळ पाण्यात इंजिन वर उचलून वल्ह्यानं काढावं. इम्पेलर दिसायला चांगला असला तरी पाती एका बाजूला वाकून तशीच राहिली असतील, रबर कडक झालं असेल, तर बदलावा. बोट रोज चालत असेल तर दरवर्षी बदललेला बरा. इथं एक गोष्ट मिस्त्री विसरतात. जुन्या इम्पेलरचं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत कुठं तरी अडकलेला असतो. सगळे तुकडे जुळवून पाहिल्याशिवाय नवा इम्पेलर घालून काम संपलं असं समजू नये. शाफ्टवरची छोटी चावीही नीट बसली पाहिजे, नाही तर शाफ्ट फिरतो आणि इम्पेलर जागेवरच उभा.

कधी तापतं यावरूनही कळतं. हळू चालताना तापतं आणि जोरात पळवल्यावर निवतं, तर इम्पेलर झिजलेला आहे. हळू असताना ठीक आणि पूर्ण जोरात तापतं, तर पाण्याची वाट कुठं तरी अरुंद झाली आहे किंवा इंजिन उंच बसवलं आहे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. उंच बसलं की ते पाण्याऐवजी हवा ओढतं.

थर्मोस्टॅट अडकला की इंजिन लवकर तापतं. तो काढून गंजात पाणी घेऊन दोऱ्यानं लोंबकळत ठेवावा आणि पाणी तापवावं. पाणी उकळायच्या बरंच आधी, बहुतेक इंजिनांत ५० ते ६० अंशांच्या आसपास, तो उघडला पाहिजे. उकळी आली तरी मिटलेलाच असेल तर बदला. ‘काढून टाका, थंड चालते’ हा सल्ला ट्रॅक्टरवाल्यांकडून मिळतो. पण थर्मोस्टॅटविना इंजिन फार थंड चालतं, पेट्रोल नीट जळत नाही आणि काजळी धरते.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेलाचं मापही पाहावं. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली तेल. आपल्या इंजिनाचं पुस्तक काय सांगतं तेच धरावं. फटफटीचं टू-टी तेल हवेनं थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, बोटीच्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेल घ्यावं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मागच्या हंगामाचं उरलेलं पेट्रोल बोटीत वापरू नये.

दूधट गिअर ऑइल

ही गळती डोळ्यांना दिसत नाही. धरणात जाळी टाकलेली असतात, नायलॉनचा दोरा पंख्याच्या शाफ्टला गुंडाळला जातो आणि सील कापतो. पाणी गिअरमध्ये शिरतं. खालचा स्क्रू थोडा ढिला करून पाहावं. तेल चहासारखं दूधट निघालं तर पाणी गेलं आहे. तशीच बोट चालवली तर गिअर जातात. पंखा महिन्यातून एकदा तरी काढून मागे दोरा आहे का पाहणं स्वस्त पडतं.

धुवायचं पाणी

गाळाच्या पाण्यात चालवल्यावर इंजिन स्वच्छ पाण्यानं धुवावं, हे सगळेच सांगतात. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी घेऊन धुतलं तर उलट क्षार आत बसतात. जे पाणी पिकाला चालत नाही, ते इंजिनालाही चालत नाही. इथं नळाचं किंवा धरणाचं नितळ पाणी वापरावं. धुतल्यावर इंजिन उभं ठेवावं, म्हणजे आतलं पाणी खाली निथळतं.

इंजिनावर चालणाऱ्या बोटीला २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्यानुसार नोंदणी आणि तपासणी लागते. पैसे घेऊन माणसं बसवणाऱ्यानं ती कागदपत्रं आधी पूर्ण करावीत.

बोटीतल्या पेटीत एक इम्पेलर किट, स्पार्क प्लग आणि त्याचा पाना, जादा बूच, नायलॉनचा दोरा, पक्कड, एम-सील, पाणी उपसायचा डबा आणि दोन वल्ही असावीत. इम्पेलर फटफटीच्या दुकानात मिळत नाही, मागवावा लागतो आणि यायला दिवस जातात, म्हणून तो आधीच घेऊन ठेवावा. इंजिन बंद पाडणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असावी. लाइफ जॅकेट मात्र पेटीत ठेवायचं नाही, ते काठावरच अंगात घालून बोटीत बसायचं.